एमजीबीचं हेड पॅकिंग पुन्हा पुन्हा जातंय? आधी ब्लॉकवर हात फिरवा

नव्याने बांधलेलं इंजिन. पहिले दोन-तीनशे मैल गाडी सुरेख पळते. मग एका सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं तर पाणी दोन बोटं खाली. जमिनीवर थेंब नाही, होज पाइप कोरडे ठणठणीत. पाणी भरावं, आठवड्याने पुन्हा तेवढंच कमी. शेवटी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं, तर पॅकिंग, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधला गॅस्केट, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर जळून काळं पडलेलं. नवीन पॅकिंग टाकावं, आणि चारशे मैलांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या १९७२च्या एमजीबी रोडस्टरवर, म्हणजे एमजी कंपनीच्या दोन सीटांच्या उघड्या ब्रिटिश गाडीवर, हे तीन वेळा झालं. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहते. घराला लागून एक गाडी मावेल एवढं गॅरेज आहे आणि ह्या गाडीचं इंजिन मी तिथेच दोन हिवाळे खपून बांधलं. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग तेवढं बाहेरून करून आणलं, बाकी प्रत्येक नट माझ्या हाताने आवळलेला. त्यामुळे तिसऱ्यांदा जेव्हा वरचा होज दगडासारखा कडक लागला, तेव्हा मी पाना खाली ठेवला आणि दोन आठवडे गॅरेजचं दार उघडलं नाही. आज त्याच इंजिनावर साडेतीन हजार मैल झालेत आणि पाणी जिथल्या तिथे आहे. पॅकिंग वाईट नव्हतं. त्याच्यावर पकड नव्हती. ती पकड कुठे कुठे हरवते, ते सांगते.

हे इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. बिडाचा ब्लॉक, बिडाचंच हेड, चार सिलिंडर, १७९८ सीसी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनला एमजीबी बनत होती आणि सगळ्या चार सिलिंडरवाल्या एमजीबींत हेच इंजिन. ह्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीत आलं आणि तेच आपल्याकडे अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं. तुमच्या दारात जुनी पेट्रोल अँबेसिडर उभी असेल, तर खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल. फक्त टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचे) आणि टॅपेटचे (व्हॉल्व्हच्या फटीचे) आकडे तुमच्या गाडीच्या पुस्तकातून घ्या.

पॅकिंगच गेलंय ना, ते आधी ठरवा

हेड उतरवण्याआधी एक तास तपासणीला द्या. पाणी कमी होण्याची साधी कारणंही असतात. एमजीबीत हीटरचा कॉक हेडच्याच कुशीत बसवलेला असतो. तो झिरपला की पाणी गरम ब्लॉकवर पडून तिथेच सुकतं, खाली थेंब येतच नाही. मागे फक्त पांढुरका ओघळ उरतो. वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोकही बघा. तिथे ओल असेल तर पंपाचं सील गेलंय.

आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत गाडी रोज दोन-तीन मैलच चालली की दमट हवेचं पाणी होऊन असा थर जमतो. डिपस्टिकवरच ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी.

रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचं झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा, फॅन बेल्ट काढून ठेवा म्हणजे पंप फिरून पाणी ढवळणार नाही, आणि इंजिन सुरू करा. एक मिनिटभरच. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. बेल्ट परत चढवून, झाकण लावून चालवलं तर वरचा होज थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच कडक होतो. ही खूण मला तिन्ही वेळा मिळाली. निळं द्रावण भरलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून करायची तपासणीही आहे. ज्वलनाचा गॅस असेल तर निळं पिवळं पडतं. तेही करून बघा, पण बुडबुडे स्पष्ट असतील तर त्याची गरज नाही. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. माझे आकडे होते (पीएसआयमध्ये) १६५, १०५, १००, १६०. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले दिसले, की दोघांमधली पॅकिंगची पट्टी फुटलीय असं समजा. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

एक सूचना जिवाभावाने करते. पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याचा संशय असेल तर आधी प्लग काढा आणि मगच स्टार्टर मारा. पाणी दाबलं जात नाही. भरलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आणि कूलंट ऑइलमध्ये गेला असेल तर त्या ऑइलवर गाडी चालवू नका, बेअरिंगं खाल्ली जातात. नव्याने बसवलेली बेअरिंगं माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून मी तिन्ही वेळा ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. निदान ते तरी बरोबर केलं.

दोन आणि तीनच का?

ह्या हेडमध्ये व्हॉल्व्हची रांग अशी आहे: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. म्हणजे दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून आहेत आणि दोघांचा धूर एकाच पोर्टातून बाहेर पडतो. हेडमधली सगळ्यात तापणारी जागा तीच. तिथे पॅकिंगची पट्टीही अरुंद. पकड जरा ढिली पडली की ज्वाळेला वाट तिथेच मिळते. हेड उतरवलंच आहे तर त्या मधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास तडा आहे का तेही लाल डाय आणि पांढऱ्या पावडरीने बघून घ्या. जुन्या हेडांना तिथे तडे जातात आणि तडा गेलेल्या हेडवर कितीही पॅकिंगं घाला, पाणी जातच राहणार.

पहिल्या वेळी मी स्वस्तातल्या पॅकिंगला दोष दिला आणि महागातलं काळं कंपोझिट पॅकिंग आणलं. दुसऱ्या वेळी हेडवर संशय घेतला, मशीनवर नेऊन फेसिंग करून आणलं, तडा तपासून घेतला. हेड आरशासारखं सपाट होऊन आलं. टॉर्क पाना नवा घेतला. तरीही तिसऱ्यांदा तेच, त्याच जागी.

माझ्या मामाचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं. आता तो काम करत नाही, पण उमेदीच्या वर्षांत त्याने अँबेसिडरची इंजिनं एवढी खोललीत की मोजदाद नाही. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला, उतरवलेलं हेड दाखवलं, जळलेलं पॅकिंग दाखवलं. त्याने हेडकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"अगं, हेडाला कशाला बोल लावतीस? ब्लॉक दाव ब्लॉक. स्टडाच्या भोकावरनं बोट फिरीव. कडा वर आल्यात का सांग."

मी बोट फिरवलं. काही लागलं नाही, तसं त्याला सांगितलं.

"बोटाला न्हाई लागायचं ते. स्टड काढ सगळं, आन सपाट दगड फिरीव."

चंद्रकोरी

हेड ब्लॉकवर धरून ठेवणारे अकराही स्टड काढले. चारही सिलिंडर, पाण्याच्या वाटा आणि रॉकरला ऑइल नेणारं भोक हे सगळं कापड आणि टेपने बंद केलं. मग लांब, सपाट ऑइलस्टोनला थोडं ऑइल लावून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावरून हलक्या हाताने, दाब न देता फिरवला. चार-पाच फेऱ्यांनंतर कापडाने पुसलं आणि टॉर्च तिरपी धरली.

बाकी सगळा ब्लॉक राखाडी, आणि स्टडच्या भोकांच्या काठाला पिवळसर चकाकी. काही भोकांना पूर्ण कडं, काहींना अर्धंच, चंद्रकोरीसारखं. अकरापैकी सात. सगळ्यात ठळक दोन कोरी होत्या त्या मधल्या भोकांच्या, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या. पोलादी पट्टी दोन भोकांवर टेकवून मधल्या फटीत फीलरची पाती घातली, तर चार थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती आरामात गेली. चार थाऊ म्हणजे दहाव्या हिश्श्याचा मिलिमीटर. केसापेक्षा जास्त नाही, पण हेड त्या कडांवर टेकणार असेल तर शेजारच्या अरुंद पट्टीवर दाब येणार कुठून? टॉर्क पाना ५० फूट-पौंडाला टक्क वाजतो, कारण कडा दाबल्या जाताहेत. पॅकिंग दाबलं गेलं की नाही, हे त्या पान्याला कळत नाही.

ह्या कडा वर येतात कशामुळे? पन्नास वर्षं स्टड वरच्या दिशेने ओढतोय आणि पहिल्या एक-दोन आट्यांभोवतीचं बीड हळूहळू वर उचललं जातं. त्यात मी भर घातली होती. नवे स्टड बसवताना दोन नट एकमेकांवर आवळून पान्याने ते तळाला टेकेपर्यंत घट्ट पिळले होते. घट्ट म्हणजे मजबूत असं मला वाटलं. स्टड तळाला टेकून अडला की पुढचं सगळं पिळणं आट्यांनाच वर ढकलतं. शिवाय तीन भोकांच्या तळाशी जुना कूलंट आणि गंज साचलेला होता, म्हणजे ते स्टड त्या गाळावरच टेकले होते.

इंजिन पूर्ण खोललेलं असतानाच ब्लॉकचंही फेसिंग करून घेणं हा खरा राजमार्ग. तुमचं इंजिन अजून बांधायचं असेल तर बोअरिंगला देताना ब्लॉकच्या फेसिंगचंही सांगून ठेवा, तेवढे पैसे वाचवू नका. माझं इंजिन बांधून गाडीत बसलेलं होतं, म्हणून मी हातानेच केलं.

नव्वद अंशांचं काउंटरसिंक हँडलला लावून, ड्रिल मशीन न वापरता, प्रत्येक भोकाचा काठ हाताने उतरवला. भोकाच्या व्यासापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठा उतार पुरे, म्हणजे वरचा जेमतेम एक आटा जातो. जास्त खोल जाऊ नका, आटे कमी होतील. काउंटरसिंकला ग्रीस फासलं की कीस त्यालाच चिकटतो. उरलेला लोहचुंबकाने उचलून घ्या. मग पुन्हा दगड, पुन्हा पट्टी. सहा दिशांनी तपासलं, दोन थाऊची पाती कुठेच गेली नाही, तेव्हा थांबले.

आटे साफ करायला धारदार टॅप घालू नका, तो बीड कापतो आणि आटे ढिले पडतात. एक जुना स्टड घ्या, हॅक्सॉने त्याच्या आट्यांत लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडा आणि तो भोकात आत-बाहेर फिरवा. घाण खाचांत येते, धातू शाबूत राहतो. मामाकडे अशा खाचा पाडलेल्या तीन सुती स्टडांचा डबाच असायचा. शेवटी हवा मारून भोकाचा तळ कोरडा करा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

रॉकरचे ते चार नट

पकड हरवायची दुसरी वाट मला स्वतःलाच सापडली, आणि माझ्या पहिल्या पॅकिंगचा बळी बहुधा तिनेच घेतला.

बी-सिरीजच्या रॉकर शाफ्टला चार पाय आहेत. प्रत्येक पायाला एक लहान नट आणि एक मोठा. ते चार मोठे नट म्हणजे हेडच्याच अकरांपैकी चार. इंजिन बांधल्यावर टॅपेटचा आवाज येत होता, म्हणून मी रॉकर शाफ्ट काढून त्याचे बुश बदलले होते. पाणी न सोडता. चार नट सोडले, काम केलं, चार नट पुन्हा ५० ला आवळले. हेड एका अंगाला सुटलं, पॅकिंगखाली पाणी शिरलं आणि मी ते तसंच परत दाबून टाकलं. पॅकिंग एकदा दबलं की दबलं. सोडून पुन्हा आवळल्यावर ते पूर्वीसारखं धरत नाही.

रॉकर काढायचाच असेल तर आधी पाणी सोडा आणि अकराही नट उलट क्रमाने थोडे थोडे सैल करा. माझ्या मते त्यानंतर पॅकिंग नवीनच घालावं. कित्येक जण तेच पॅकिंग ठेवून पुन्हा आवळतात आणि त्यांचं निभावतंही. नुकत्याच बांधलेल्या इंजिनावर मी तो जुगार खेळणार नाही.

बांधताना

स्टड भोकात बोटांनी फिरवून बसवा. तळाला टेकला की अर्धा फेरा मागे. पान्याचं तिथे काम नाही.

पॅकिंगवर 'टॉप' आणि 'फ्रंट' असं लिहिलेलं असतं, ते वाचून ठेवा. कंपोझिट पॅकिंग कोरडंच घालायचं, त्याला सिलंट लावायचा नाही. नटाखाली जाड, कठीण वॉशर. पातळ वॉशर वाटीसारखे दबतात आणि टॉर्क खोटा दाखवतात. नटाच्या आट्यांना आणि वॉशरच्या तोंडाला ऑइलचा एक थेंब. हा पाना नऊ-सोळांश इंची, मामाच्या भाषेत साडेचार सुती. मेट्रिक पान्याने काम भागवू नका, नटाचे कोपरे जातात.

आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. पुस्तकात ४५ ते ५० फूट-पौंड दिलेत. मी २०, मग ३५, मग ५० अशा तीन फेऱ्यांत आवळते. रॉकरचे चार लहान नट २५ ला.

पाणी भरताना थर्मोस्टॅटखाली हवा अडकते आणि पाणी पूर्ण भरल्याचा भास होतो. ह्या हवेच्या कप्प्यामुळे हेड तापतं आणि नवं पॅकिंग पहिल्याच दिवशी मार खातं. थर्मोस्टॅटच्या चकतीला आधीपासून हवेचं भोक नसेल तर तीन मिलिमीटरचं पाडून घ्या. हीटर पूर्ण गरमवर ठेवून पाणी सावकाश भरा. माझा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा आहे. ह्याच गाडीला उष्ण प्रदेशासाठी ७४ चा आणि थंडीसाठी ८८ चाही मिळतो.

टायमिंगही ह्याच वेळी लाइटने बघून घ्या. चढावर इंजिन खडखडत असेल, म्हणजे नॉकिंग करत असेल, तर टायमिंग पुढे गेलंय. त्या हादऱ्यांपुढे चांगल्यात चांगलं पॅकिंगही फार दिवस टिकत नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा सैल झाल्या की उभ्या गाडीवर टायमिंग बरोबर दिसतं आणि वेग वाढला की ते भलतंच पुढे पळतं. म्हणून मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवरही तपासा.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी त्याच क्रमाने एकेक नट. एक नट पाव फेरा सैल करायचा, लगेच ५० ला आवळायचा, मग पुढचा. एका वेळी एकाहून जास्त नट सैल नको. माझ्या मधल्या दोन नटांनी जवळजवळ एक-अष्टमांश फेरा जास्त घेतला. पुढे पाचशे मैलांवर पुन्हा एकदा. हे दुसरं आवळणं मी पहिल्या दोन्ही वेळी टाळलं होतं, गाडी छान चालतेय म्हणून. पॅकिंगच्या पाकिटावर 'पुन्हा आवळायची गरज नाही' असं लिहिलेलं असेल तर मात्र त्या पॅकिंगचं ऐका.

प्रत्येक वेळी आवळल्यानंतर टॅपेट सेट करावेच लागतात, कारण हेड खाली बसलं की फट बदलते. माझ्या इंजिनाला थंड असताना १५ थाऊ. इथे नऊची बेरीज लक्षात ठेवा. आठ व्हॉल्व्हना पुढून एक ते आठ नंबर द्या. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, पाचवा असेल तेव्हा चौथा. बेरीज नेहमी नऊ. मामाने हे मला सहावीत असताना अँबेसिडरवर शिकवलं होतं, बोटं ऑइलने काळी करून, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या ह्या इंग्लिश गाडीवर ते जसंच्या तसं चाललं.

पाचशे मैलांच्या आवळण्यानंतर मी पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं: १६५, १६२, १६३, १६५. तो कागद गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. दर हजार मैलांनी, रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण उघडून पाण्याची पातळी त्याच कागदावर पेन्सिलीने लिहिते.